वादा करताना हिशोबही सांगा

निवडणूक आली की उमेदवार दारात येतो आणि सांगतो, "घरपट्टी, पाणीपट्टी एका पैशानेही वाढू देणार नाही." ऐकून बरे वाटते. पण मग कामांसाठी पैसा कोठून आणणार, हे आपण विचारत नाही. न विचारल्याचे परिणाम काय होतात, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अनुभवावरून चांगले समजते. तोच या महिन्यात वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्या राज्यात मोटारमालकाला दरवर्षी मोटारीच्या किमतीनुसार परवाना शुल्क भरावे लागते. कागदोपत्री ते 'शुल्क'. लोक मात्र त्याला 'मोटार कर' म्हणतात. अनेक वर्षे त्याचा दर २ टक्के होता. १९९८ नंतर तिजोरी भरलेली असताना तो टप्प्याटप्प्याने ०.६५ टक्क्यांवर आणला गेला. हा पैसा शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या कारभारासाठी असे. त्यांना आलेली तूट राज्य सरकार भरून देई. २००३ मध्ये राज्याचीच तिजोरी आटली आणि गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या सरकारने दर पुन्हा २ टक्के केला. आधीच नाराज असलेले लोक भडकले. ऑक्टोबरात मतदारांनी डेव्हिस यांना मुदत संपण्याआधीच पायउतार केले आणि चित्रपट अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना निवडून दिले. मोटार कराचे काय करणार, हे दाखवण्यासाठी त्यांनी प्रचारात क्रेनने वजन टाकून एक मोटारच चिरडली होती. १७ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि त्याच दिवशी त्यांनी ती वाढ रद्द केली.

वादा पाळला गेला. पण त्यामुळे दरवर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरचा खड्डा पडला, तो कशाने भरायचा? तिजोरीत आधीचीच तूट होती. तिच्यासाठी मार्च २००४ मध्ये मतदारांच्या संमतीने १५ अब्ज डॉलरचे कर्जरोखे मंजूर झाले. ते कर्ज फिटायला २०१५ साल उजाडले. तोवर श्वार्झनेगर पदावरून जाऊन चार वर्षे झाली होती.

२००६ च्या निवडणुकीतही कर वाढवणार नाही, असेच त्यांनी सांगितले आणि ते पुन्हा जिंकले. मग २००८ ची मंदी आली. फेब्रुवारी २००९ मध्ये सुमारे ४० अब्ज डॉलरची तूट समोर असताना त्यांनीच करवाढीवर सही केली. विक्रीकर १ टक्क्याने वाढला, प्राप्तिकर वाढला, आणि ज्या मोटार करावर ते निवडून आले होते तोही ०.६५ वरून १.१५ टक्के झाला. जुलैत तर सरकारने अनेकांना रोख रकमेऐवजी 'नंतर पैसे देऊ' अशा चिठ्ठ्या दिल्या. नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाने विद्यार्थ्यांचे शुल्क ३२ टक्के वाढवण्याचे ठरवले. मोटार कर वाचला म्हणून २००३ मध्ये आनंदलेल्या एखाद्या बापाने सहा वर्षांनी मुलांच्या फीमध्ये तो भरला असेल. ज्याच्याकडे मोटारच नव्हती, त्याला त्या सवलतीतून काही मिळाले नव्हते. विक्रीकर मात्र त्यालाही चुकला नाही.

मंदी कोणा एकाने आणलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. अडचणीत वचन मोडावे लागणे आणि फसवण्याच्या नियतीने वचन देणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. आमची तक्रार वेगळी आहे. तिजोरीत खड्डा आहे हे दिसत असताना 'कर वाढवणार नाही' एवढेच सांगणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे होय. कोणता खर्च कमी करणार, किती कर्ज काढणार आणि ते कोण फेडणार, ही उरलेली अर्धी गोष्ट. ती सांगितली नाही की एक दिवस कर वाढतो, नाहीतर तोच कर 'फी', 'शुल्क', 'अधिभार' अशा नावांनी घरात शिरतो.

आपल्या दीनमध्ये वचन ही हलकी बाब नाही. वचन मोडणे हे हदीसमध्ये मुनाफिकाच्या लक्षणांत सांगितले आहे. पवित्र कुरआनमधील सर्वांत लांब आयत नमाज-रोजाविषयी नसून कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हेही लक्षात घ्यावे. दोन माणसांतील उधारीसाठी एवढी काळजी, तर लाखो लोकांच्या नावाने काढलेल्या कर्जाची किती घ्यावी!

मत ही अमानत आहे. म्हणून पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला चहा जरूर द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: कर वाढवणार नाही, तर कोणते काम बंद करणार? कर्ज काढणार असाल तर ते कोणाची मुले फेडणार? आणि हे लिहून देणार का? घरातील भगिनींनीही विचारावे. महिन्याचा हिशोब जुळवणे काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? आणि एखादा उमेदवार खरेपणाने म्हणाला की पाणी चोवीस तास हवे तर पट्टी थोडी वाढेल, तर त्याच्यावर चिडू नये. गोड बोलणाऱ्यालाच मत मिळते हे दिसले, तर उद्या खरे बोलायला कोणी धजणार नाही.

अल्लाह आपल्याला वचन देताना तोलण्याची आणि वचन घेताना तपासण्याची समज देवो. आमीन.