कुरवंड्याची वाट व युरोपची तटबंदी

१६६१ सालीं कारतलबखान मोंगली फौज घेऊन कुरवंडे घाटानें कोंकणांत उतरूं लागला, तेव्हां त्याजपाशीं मनुष्यबळाची वाण नव्हती. परंतु उंबरखिंडीच्या दाट रानांत शिवाजीमहाराजांनीं पुढची व मागची अशीं दोन्ही तोंडें रोखलीं आणि खानास शरण यावें लागलें. सैन्य त्याचें, पण वाट दुसऱ्याच्या हातीं!

युरोपची आजची अडचण याच जातीची आहे. १९४९ च्या नाटो करारापासून त्या सधन राष्ट्रांनीं रक्षणाचा मुख्य भार अमेरिकेवर टाकला. २०२२ सालीं रशियानें युक्रेनवर सर्वंकष चढाई केली, तेव्हां जर्मनीनें १०० अब्ज युरोंचा निधि उभारला; २०२५ सालीं हेग येथें २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षणावर खर्चण्याचें ठरलें. पैसा उभा राहील. पण दारूगोळ्याचे कारखाने हुंडी वटवावी तसे हातीं येत नाहींत, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगणें नको.

यांत आम्हांस हंसण्याजोगें कांहीं नाहीं. कुरवंड्याच्या शेजारींच ‘आयएनएस शिवाजी’ येथें १९४५ पासून नौदलाचे यंत्रज्ञ तयार होतात. २०२१ सालीं नौदलांत दाखल झालेली ‘विशाखापट्टणम’ विनाशिका माझगांव गोदींत बांधली गेली. तिचीं गॅस टर्बाईनें मात्र युक्रेनच्या मायकोलाइव्ह शहरचीं, आणि तें शहर २०२२ पासून रशियन माऱ्याखालीं आलें. ‘विक्रांत’चीं टर्बाईनें अमेरिकन बनावटीचीं. हे पुरवठादार मित्र असतील, नव्हे आहेतच. पण खिंडीचें तोंड त्यांजकडे आहे. स्वदेशी सागरी टर्बाईनासाठीं सरकार किती रक्कम व किती मुदत ठरवितें, हा प्रश्न मावळच्या प्रतिनिधींनीं लोकसभेंत स्पष्ट विचारावा.