आधी पॅकेट वाचायला शिका

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या सोलापुरात रिक्षांच्या पाठीवर क्लासच्या जाहिराती झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या जाहिरातीची भर पडली आहे : तीन महिन्यांत एथिकल हॅकर व्हा. टोपीत चेहरा लपवलेला मुलगा आणि त्याच्या मागे हिरव्या अक्षरांचा पाऊस. मी तंत्रनिकेतनात नेटवर्किंग शिकवते. असे क्लास करून आलेली मुलं माझ्याच वर्गात बसतात, म्हणून ही जाहिरात मला डाचते. त्यांच्या लॅपटॉपवर काली लिनक्स असतं, एनमॅपच्या दहा-बारा कमांड पाठ असतात. ‘सबनेट मास्क कशासाठी लागतो?’ असं विचारलं की ती खाली बघतात. ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे एवढं ती सांगू शकतात. त्या पोर्टवर कोणती सेवा चालते आणि ते उघडं राहिलं तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

ही मुलं हुशार आहेत, मेहनती आहेत. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडून रोज एसटीनं येतात. नेटवर्कवर कोण कोणाशी बोलतंय हे वाचायला न शिकवता त्यांना हॅकिंगची साधनं हातात देणं ही त्यांची फसवणूक आहे, आणि पैसे भरणाऱ्या त्यांच्या आईवडिलांचीही.

मी सुरुवात केबलपासून करते. आठ तारा, ठरलेला रंगक्रम, क्रिम्पिंग, मग टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागेपर्यंत पुन्हा पुन्हा. त्यानंतर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहितीची पॅकेटं पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर आम्ही साधं लॉगिनचं पान ठेवलं आहे, मुद्दाम एचटीटीपीवर. एकानं तिथं पासवर्ड टाकायचा आणि दुसऱ्यानं पॅकेट पकडून तो वाचायचा. पासवर्ड जसाच्या तसा पडद्यावर येतो. ‘मॅडम, हे तर सगळं दिसतंय!’ हे दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. तेच पान मग एचटीटीपीएसवर ठेवायचं आणि पुन्हा पकडायचं. आता नुसती अगम्य अक्षरं. एन्क्रिप्शन कशासाठी, हे यानंतर मला वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतरचा एआरपीचा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एआरपी हा आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा आहे हे शोधणारा प्रोटोकॉल. तो १९८२ सालचा आहे आणि आजही घराघरातल्या वाय-फायवर चालतो. एखाद्या संगणकाला १९२.१६८.१.१ या पत्त्याकडे काही पाठवायचं असेल तर तो सगळ्यांना विचारतो, हा पत्ता कुणाचा? जो ‘माझा’ म्हणेल त्याच्यावर तो विश्वास ठेवतो. खातरजमा करण्याची सोयच त्यात नाही, कारण तो लिहिला गेला तेव्हा नेटवर्कवर एकमेकांना ओळखणारी माणसं होती. मग तिसरा संगणक खोटंच ‘माझा’ म्हणतो आणि दोघांमधली सगळी वाहतूक त्याच्यातून जाऊ लागते. मुलं हे आमच्या बंद स्विचवर करून बघतात. त्या स्विचमधून बाहेर जाणारी एकही केबल नाही. हल्ला जमला की लगेच तो ओळखायचा कसा हे शोधायचं : एकाच मॅक पत्त्यावर, म्हणजे एकाच यंत्रावर, दोन आयपी का दिसताहेत? शेवटी स्विचवर तो रोखायचा. हल्ला, ओळख आणि बंदोबस्त हे तिन्ही एकाच दुपारी झाले पाहिजेत, यावर मी अडून बसते.

याचं कारण कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात आहे. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी पुण्याच्या या बँकेच्या बनावट कार्डांवर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. देशातही निघाले, अगदी आपल्या कोल्हापुरातही. सोमवारी १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एटीएममधली विचारणा बँकेच्या ‘एटीएम स्विच’ या प्रणालीकडे जाते (वर्गातला स्विच वेगळा) आणि तिथून कोअर बँकिंगकडे : खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला होता. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोहोचलीच नाही. ‘पैसे द्या’ हे उत्तर मधूनच जात राहिलं. तंत्र एआरपीच्या प्रयोगापेक्षा कितीतरी अवघड, पण विचारायचा प्रश्न तोच आहे. उत्तर नक्की कोण देतंय? हा प्रश्न ज्याला सवयीनं सुचतो, असा माणूस आपल्या सहकारी बँकांना हवा आहे.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. आपल्याकडची संगणकीय साधनं कोणती आणि ती कुठं आहेत याची अद्ययावत नोंद ठेवा, हे तिच्यातलं अगदी सुरुवातीचं कलम आहे. वाचताना फार साधं वाटतं. तालुक्याच्या एखाद्या शाखेत जाऊन ही यादी खरोखर करायला बसा. कुणीतरी लावलेला राउटर, विसरलेला कॅमेरा, जुन्या विंडोजवरचा एक संगणक असं एकेक सापडत जातं. ही यादी काढणाऱ्याचा फोटो कुठल्या जाहिरातीत येत नाही. तरी मी त्याला सुरक्षेचं पहिलं काम मानते.

आता ते ४४५ पोर्ट. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम त्यानं ठप्प केलं. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक होती विंडोजची फायली वाटून घेण्याची सेवा, जी याच पोर्टवर चालते. त्या सेवेतल्या त्रुटीवरचा उपाय, म्हणजे पॅच, मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. पण एका संगणकात शिरल्यावर त्यातले पासवर्ड उचलून पुढं जायचीही त्याला सोय होती, त्यामुळं नुसता पॅच पुरेसा नव्हता. नेटवर्कचे कप्पे पाडणं गरजेचं होतं. व्हीलॅन म्हणजे हे कप्पे. माझ्या अभ्यासक्रमात त्यांना जेमतेम दोन तास आहेत. मी सहा घेते.

कायदा मी पहिल्याच आठवड्यात सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात वा नेटवर्कमध्ये अप्रामाणिक हेतूनं शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॉसमॉस प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. अशा कटांत बनावट कार्ड घेऊन एटीएमसमोर उभं राहायला पोरंच लागतात, हे मी वर्गात स्पष्ट बोलते. परवानगी लेखी हवी : कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखा, काय करायचं आणि काय नाही. अशा परवानगीपत्राचा मसुदा माझे विद्यार्थी परीक्षेत नसतानाही लिहितात आणि मी तो तपासते.

परीक्षेचंच म्हणाल तर तिथं हॅकिंगच्या व्याख्यांवर चार पर्यायांचे प्रश्न येतात. ते बंद करा. विद्यार्थ्याला पकडलेल्या पॅकेटची एक फाइल आणि एक तास द्या, काय घडलं ते मराठीत किंवा इंग्रजीत लिहू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ते लॉग वाचून ‘इथं काहीतरी घडलंय’ असं म्हणणारं माणूस आपण घडवलं नाही, तर सहा तास मोजायला सुरुवात तरी कुठून करणार?

पालकांना माझी विनंती आहे की फी भरण्याआधी क्लासची प्रयोगशाळा बघा. तिथं स्विच आहे का, मुलं केबलला हात लावतात का, वायरशार्क किती दिवस शिकवतात, हे विचारा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, व्हर्च्युअलबॉक्स, वायरशार्क, सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मेटास्प्लॉइटेबल, हे सगळं फुकट मिळतं. त्यांच्याच नावाखाली कुणी हजारो रुपये मागत असेल तर शिकवणारा कोण आहे ते आधी पाहा.

आणि सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या सहकारी बँकांना व साखर कारखान्यांना एक मागणी. नेटवर्क बदलताना जुने मॅनेज्ड स्विच भंगारात देऊ नका. त्यांतली सेटिंग आणि पासवर्ड नीट पुसा आणि ते जवळच्या तंत्रनिकेतनाला द्या. दहा वर्षांपूर्वीच्या स्विचवरही व्हीलॅन शिकता येतं.