गालिच्याखालचा गंज

ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतील शेवटची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी निवृत्त झाल्याचे वृत्त आले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या वडील बंधूंचा हुबळीहून दूरध्वनी आला. “आता आपलीही भंगारात देऊन टाक. अण्णा गेल्यापासून नुसती जागा अडवून बसलीय.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अण्णांनी 1979 साली घेतलेली ती गाडी आमच्या बेळगावच्या घरी पडवीत कित्येक वर्षे उभी होती. आईने या संभाषणात भाग घेतला नाही. रात्री मात्र तिने एवढेच विचारले, “तिच्यात बसून एकदा खानापूरला जाऊन येता येईल का रे?”

दुसऱ्या रविवारी पत्र्याचे काम करणारे एक वृद्ध मेस्त्री घरी आले. रंग बरा होता, दरवाजेही नीट लागत होते. मेस्त्रींनी मागचा गालिचा उचलला, त्याखालचे नमद्याचे अस्तर ओढले आणि स्क्रूड्रायव्हर टेकवून किंचित दाबला. तो आरपार गेला. आई नेहमी बसे त्याच डाव्या बाजूला, तिच्या पावलांखाली पत्रा असा उरलाच नव्हता!

हे अस्तर आम्हीच 2004 साली घातले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. इंजिनाची धग आणि आवाज कमी व्हावा, म्हणून जाड नमदा आणून तळाला डकवला आणि वर गालिचा अंथरला. खालच्या तांबूस डागांकडे पाहिलेदेखील नाही. अण्णा हयात असताना दर दिवाळीपूर्वी गाडीतील सर्व पायपोस काढून, चारही दरवाजे उघडे टाकून ती उन्हात ठेवीत. त्यांची ही खोड आम्हांला हास्यास्पद वाटे. आम्ही डकवलेले अस्तर उचलता येत नव्हते, त्यामुळे तो प्रघातही मोडला.

लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू एवढे दोघे पुरतात. मीठ त्यांना घाई करते. गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेली गाडी खालून धुतली नाही, तर ते मीठ चोर्ला घाट चढून आपल्या घरी येते. ॲल्युमिनियमवर चढणारा थर धातूला चिकटून त्याचे रक्षण करतो. गंज मात्र फुगतो, पापुद्रे धरतो आणि ओलावा शोषून पुढच्या पत्र्यापर्यंत पोहोचवतो. त्यावर नमदा म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला खिळाच. शिवाय या गाडीला ट्रकसारखा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा आणि दरवाजांखालच्या पोकळ पेट्या हाच तिचा कणा. तेथील छिद्र हा सौंदर्याचा प्रश्न नसून जिवाचा प्रश्न आहे.

आम्ही लगेच वेल्डिंगची भाषा करू लागलो, तेव्हा मेस्त्रींनी थांबवले. “पाणी आत येतंय कुठनं, ते आधी बघूया की ओ सर.” मग चिरंजीवांनी बाहेरून नळीने पाणी सोडायचे आणि आम्ही विजेरी व खडू घेऊन आत बसायचे, असा उद्योग तासभर चालला. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन सुटले होते. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके मातीने बुजली होती. खडूच्या खुणा सात झाल्या. विद्यार्थ्यांच्या वहीत इतक्या चुका सापडल्या असत्या, तर आम्ही पालकांना बोलावले असते.

काम थंडीच्या कोरड्या दिवसांत झाले. आधी बॅटरी सोडवली आणि पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवली. ठिणगी उडण्यापूर्वी हे झालेच पाहिजे. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापला. जुन्यावर नवे ठिगळ ठेवून झाकण्याची पद्धत स्वस्त खरी, पण दोन पत्र्यांच्या सांदीत पुन्हा पाणी साचते. म्हणून कडेला कड भिडवून सीओटू वेल्डिंग केले, तेही दूर दूर टाके घालीत, कारण एकाच जागी उष्णता दिली की पातळ पत्रा वाकतो.

जेथे पत्रा शाबूत होता पण वर गंज होता, तेथे तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढून रसायन लावले. या रसायनांत फॉस्फोरिक आम्ल तरी असते किंवा टॅनिक आम्ल. टॅनिक आम्ल लावताच तांबडा गंज निळसर काळा होताना पाहून आम्हांला ओळखीचे काहीतरी भेटले. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तिचा काळेपणा याच क्रियेचा! अर्थात हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे. मग दोन द्रव मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत लांबी भरण्यासाठी सीलर आणि त्यावर रंग. नुसता रेड ऑक्साइड लावून महिनोन्‌महिने गाडी ठेवणे बरे नव्हे, त्यातून ओल झिरपते. पोकळ पेट्यांत मेणासारखा द्रव फवारला.

अस्तराची पाळी त्यानंतर आली. पत्र्याचा आवाज आणि उष्णता हे दोन निराळे शत्रू आहेत. पत्रा थरथरतो म्हणून वाजतो. त्यावर डांबरी किंवा ब्युटाइल रबराचा जड पट्टा चिकटवला, की ती थरथर पट्ट्यातच जिरते. टिचकी मारली तर ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्’ असे उत्तर येते. सगळा पत्रा मढवण्याची आवश्यकता नाही, मधला तिसरा हिस्सा पुरतो. उष्णतेसाठी बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम. तो इंजिन व बैठक यांमधील पडद्यावर सर्वांत अगत्याचा. तळावर मात्र तो न चिकटवता सुटा अंथरला आहे आणि पाणी काढण्याची भोके मोकळी ठेवली आहेत.

मार्च 2024 मध्ये आई तिच्या नेहमीच्या जागी बसून खानापूरला जाऊन आली. बंधूही हुबळीहून आले होते, पुढे बसले आणि वाटेत भंगाराचा विषय त्यांनी काढला नाही. आवाज पुष्कळ कमी झाला आहे, संपलेला नाही.

त्या पावसाळ्यात दर रविवारी आम्ही गालिचा उचलून तळहाताने पत्रा चाचपून पाहत होतो. मागच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा ओल लागली. नळी आणि खडू पुन्हा बाहेर काढले आहेत. आठवी खूण अद्याप सापडलेली नाही.