मंडळाच्या चकलीचा हिशोब

गेल्या दिवाळीआधी शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या गाळ्यात भाजणी दळून आली होती आणि एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, यंदा राहू द्या हो. मंडळाचं फराळाचं पाकीट स्वस्त पडतं, आणि ते सेवा म्हणूनच करतात ना." संध्याकाळपर्यंत असे आणखी चार फोन आले. माझ्याकडे कामाला असलेल्या दोन्ही बायका सोऱ्या पुसून ठेवून बसल्या.

मराठी मंडळाची ही सेवा नाही, हा धंदा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायच्या, पैसे आधी घ्यायचे आणि बुहैरा कॉर्निशला गाडीची डिकी उघडून पाकिटं वाटायची, याला दुसरं नाव नाही.

माझ्या चकलीत काय काय तळलं जातं ते सांगते. दरवर्षीचं ट्रेड लायसन्स. गाळ्याच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक. बायकांचे व्हिसा, हेल्थ कार्ड आणि १ जानेवारी २०२५ पासून शारजातही सक्तीचा झालेला आरोग्य विमा. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस येतो, फ्रीजचं तापमान बघतो, तेल बघतो, आणि त्याने बघावंच. मंडळाची चकली कुणाच्या घरच्या ओट्यावर तळली जाते, ते तेल कितव्यांदा तापलं, हे विचारायला कोण जातं?

आणि स्वस्ताई येते कुठून? सभासदांच्या बायकांच्या फुकटच्या हातांतून. रात्री दोनपर्यंत अनारसे तळणाऱ्या बाईला एक दिरहम मिळत नाही; स्टेजवर शाल-नारळ मिळतो. मी माझ्या बायकांना पगार देते म्हणून मी महाग, आणि तो बुडवणारे समाजसेवक!

सेवेच्या नावाखाली धंदा करण्याचा हा प्रश्न जुना आहे. १९४७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलसाठी म्युलर नावाची मॅकरोनी कंपनी विकत घेतली गेली. शिक्षणसंस्थेच्या नावाखाली करमुक्त मॅकरोनी विकली जाऊ लागली, तेव्हा ओरड झाली आणि १९५० मध्ये अमेरिकेने संस्थांच्या अशा असंबंधित धंद्यावर कर बसवला. इथल्या, यूएईच्या, २०२२ च्या कॉर्पोरेट कर कायद्यातही लोकोपयोगी संस्थेला सूट देताना अट आहे: तिने धंदा करायचा नाही, केला तर तिच्या उद्दिष्टाशी थेट जोडलेलाच. फराळाची घाऊक विक्री हे मराठी मंडळाचं कुठलं उद्दिष्ट?

मंडळाने बालनाट्य करावं, वाचनालय चालवावं. इथे एकटा माणूस गेला की त्याचा देह गावी पोचवण्यासाठी कागद घेऊन धावणारी माणसं मंडळातलीच असतात. त्या कामाला मी न मागता पैसे दिलेत आणि पुढेही देईन. ते काम कुठलाही दुकानदार करू शकत नाही. चकली मात्र मी करू शकते. सभासदांना स्वस्त फराळ द्यायचा असेल तर आम्हा लायसन्सवाल्यांकडून दर मागवा, घासाघीस करा. नाहीतर लायसन्स काढा आणि त्या बायकांना पगार द्या.

सगळ्यात संताप येतो तो गणपतीत. हेच लोक "आपलीच माणसं" म्हणत स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी गाळ्यात येतात. यंदाही आले. चहा दिला, आणि जाहिरातीच्या चेकऐवजी फराळाचं दरपत्रक हातात ठेवलं. सेक्रेटरींनी ते घडी करून खिशात घातलं. अजून फोन आलेला नाही.