धोतरवाले आजोबा



मागच्या पंधरवड्यात आमचे पाचोडला जाणे झाले. मोसंबीच्या गाड्यांनी रस्ता अडलेला, त्यातून वाट काढीत आम्ही एका उपासकांच्या घरी पोहोचलो. नवराबायको दोघेही मोसंबी तोडायला आणि भरायला जातात. घर दोन खोल्यांचे, पण स्वच्छ सारवलेले. भिंतीवर तथागतांची प्रतिमा, शेजारी परमपूज्य बाबासाहेब, आणि त्यांच्याखाली कडा पिवळ्या पडलेली एक जुनी तसबीर. वंदना झाली, चहा आला. तेवढ्यात दहावीत शिकणारा नातू आजीला म्हणाला, "आजी, बाबासाहेब माहीत आहेत. हे धोतरवाले आजोबा कोण? आपल्या घरातले का?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "घरातलेच म्हण. यांच्यापायी मी कडेवर असताना तुरुंगात जाऊन आले."

पोराला ते खरे वाटेना. आम्हाला मात्र वाईट वाटले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे नाव दहावीच्या पोराला माहीत नसावे, हा दोष त्याचा नाही, आम्हा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचा आहे. म्हणून या आठवड्याचे सदर त्या पोरासाठी.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. बॅरिस्टरी नाही, विलायत नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांनी तिथल्या कामाचा भार याच माणसाच्या खांद्यावर टाकला. हजारो माणसे, बाया, लेकरे. त्यांचे राहणे-खाणे, पोलिसांच्या लाठ्या, गावोगावचे बहिष्कार, कोर्टाच्या तारखा हे सारे वर्षानुवर्षे सांभाळायचे होते. बाबासाहेब मुंबईत आणि विलायतेत, आणि नाशिक भाऊरावांच्या हाती. त्या काळात बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. एवढा विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला आला.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबईच्या विधिमंडळात गेले. तो पक्ष नावाप्रमाणेच मजुरांचा होता, हे आपल्यातलेही काही जण विसरतात. खोती मोडण्यासाठी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणणारे आणि १९३८ च्या नोव्हेंबरात कामगारांच्या संपात कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरणारे बाबासाहेबच होते. भाऊराव त्या शाळेत शिकले.

महापरिनिर्वाणानंतर घर पोरके झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब नाशिकहून लोकसभेत निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डांगे, अत्रे यांच्यासारख्या नेत्यांच्या जोडीने आपला निळा झेंडा उभा होता. आणि तिथेच भांडण पेटले. एका गटाचे म्हणणे असे की दादासाहेब लाल झेंड्याच्या नादी लागले, घटनेचा मार्ग सोडला. तो गट स्वतःला 'दुरुस्त' म्हणवू लागला आणि दादासाहेबांच्या माणसांना 'नादुरुस्त' हे नाव पडले. शिकलेले कोटपँटवाले एकीकडे आणि खेड्यातले धोतरवाले दुसरीकडे, असेही टोमणे झाले.

आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडे थोडे खरे होते. बाबासाहेबांनी १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली तेव्हा हिंसेचा आणि हुकूमशाहीचा मार्ग साफ नाकारला होता. पण गरिबीचा प्रश्न त्यांनी नाकारलेला नव्हता. दादासाहेबांनी हातात बंदूक घेतली नाही. त्यांनी माणसांना पडीक जमिनीवर नेले आणि तिथून शांतपणे तुरुंगात नेले. याला घटनाबाह्य कोण म्हणेल?

१९५९ साली मराठवाडा, खानदेश आणि नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याहून मोठा १९६४ चा. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, तो देशभर सुरू झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, असे सांगितले जाते. तुरुंग अपुरे पडले. मागण्या साध्या होत्या : पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, धान्य स्वस्त करा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा.

आता पोरा, हिशेब कर. तैलचित्र लागले १९९० च्या एप्रिलमध्ये. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच. सव्वीस वर्षे. तुझ्या मोठ्या बहिणीला शिष्यवृत्ती मिळते म्हणून तुझ्या आजीने सांगितले, तिचा एक धागा त्या १९६४ च्या तुरुंगातून आला आहे. जमिनीचे मात्र अजून चालूच आहे.

आजी तुरुंगाबद्दल जे सांगतात ते त्यांच्या आईकडून ऐकलेले. हर्सूलच्या तुरुंगात बाया गाणी म्हणत, एकमेकींची लेकरे सांभाळत. कोणी माफी लिहून दिली नाही. सुटून आल्यावर आईने गावाबाहेरच्या गायरानाचा तुकडा नांगरला. पहिल्या वर्षी पिकात कोणीतरी गुरे सोडली. दुसऱ्या वर्षी पुन्हा पेरले.

दादासाहेबांचे सारेच आम्हाला पटते असे नाही. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी निवडणुकीचा समझोता केला. खेड्यात ज्यांच्या वाड्यावर आपला माणूस सालगडी, त्यांच्याच पक्षाशी हातमिळवणी! लढ्याची धार तिथे बोथट झाली. पक्षाचे तुकडे झाले ते आजतागायत सांधले नाहीत. २९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले आणि पुढच्याच वर्षी संतापलेल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली.

ही गत आपलीच असे समजू नका. ग्रीस देशात डाव्यांच्या लहानसहान गटांनी २००४ साली एकत्र येऊन सिरिझा नावाची आघाडी केली. २००९ साली तिला पाच टक्केही मते नव्हती. पगार-पेन्शन कापले गेले, लोक चिडले आणि २०१५ च्या जानेवारीत छत्तीस टक्के मते घेऊन तिचा चाळिशीतला पुढारी अलेक्सिस सिप्रास पंतप्रधान झाला. त्याच जुलैत सावकारांच्या अटी नाकाराव्यात असा कौल एकसष्ट टक्के लोकांनी दिला, आणि पंधरा दिवसांच्या आत त्याने त्याहून कडक अटी मान्य केल्या. तुकडे जोडून वर येणे आम्हाला त्यांच्याकडून शिकता येईल. पुढचे नाही.

गायरानाकडे परत येऊ. १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी मराठवाड्यात बहिष्कार पडले तेव्हा ज्याच्याकडे चार गुंठे होते त्याच्या चुलीत जाळ राहिला. दुसऱ्याच्या बांधावर जगणाऱ्याला गाव सोडावे लागले. म्हणून त्या तुकड्याची किंमत पैशात होत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. पुढे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले आणि घरोघरी पुन्हा धास्ती बसली.

या घरानेही दोनदा अर्ज केला. उत्तर आले नाही. सातबाऱ्यावर नाव नाही. आम्ही विचारले, जुने कागद काही आहेत का? गाव नमुना १-ई मध्ये नोंद आहे का? दंडाच्या पावत्या?

आजींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. लग्नातल्या लुगड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या होत्या. काही वाळवीने खाल्लेल्या. नातू एकेक उलगडून साल वाचू लागला. १९८३. १९८६. एकीवर शाई उडालेली. मग एक धडधाकट निघाली. त्याने ती दाराशी, उजेडात नेली.

"मार्च १९८९," तो म्हणाला.

आजींनी त्याला पुन्हा वाचायला लावले.