सायटिका : अंथरूण धरू नका

सायटिका झाली, की आपल्याकडे घरातला पहिला हुकूम ठरलेला असतो : ‘आता हलू नकोस, पडून राहा.’ पलंगावरची गादी काढली जाते, फळीवर सतरंजी अंथरली जाते आणि जेवणाचं ताट उशाशी येतं. काही डॉक्टरही चिठ्ठीवर ‘तीन आठवडे संपूर्ण विश्रांती’ असं लिहून या हुकमावर शिक्का मारतात. माझं मत याच्या उलट आहे. सायटिकाच्या बहुतेक रुग्णांसाठी घरच्या घरी करण्यासारखा सर्वांत उपयोगाचा उपाय म्हणजे जमेल तितकं चालतं-फिरतं राहणं. तेल, शेक, पट्टा, गोळ्या हे सगळे त्या चालण्याला मदत करण्यापुरते. याला काही अपवाद आहेत. ते शेवटी दिले आहेत. ते वाचल्याशिवाय मात्र व्यायामाला लागू नका.

आधी हे दुखणं ओळखू या. सायटिका म्हणजे नुसती कंबरदुखी नव्हे. कमरेतून किंवा कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून किंवा बाजूने गुडघ्याच्या खाली, पोटरीत, कधी पावलाच्या बोटांपर्यंत उतरते. बहुधा एकाच पायात. सोबत मुंग्या, बधिरपणा, विजेचा झटका बसल्यासारखी चमक. शिंकताना, खोकताना, शौचाला जोर देताना कळ वाढते. दोन्ही पावलांची आग होणं हा बहुधा मधुमेहाचा प्रकार असतो, सायटिकाचा नव्हे. चालताना पोटरी भरून येते आणि नुसतं थांबलं की दोन मिनिटांत मोकळी होते, असं तंबाखू-विडी घेणाऱ्या माणसाला होत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. एका बाजूला आग होऊन चार दिवसांत पुरळ उठलं, तर ती नागीण.

‘नस दबली’ हा शब्द सगळे वापरतात, पण ती रक्ताची नस नव्हे. सायटिक हा मज्जातंतू आहे, शरीरातला सर्वांत जाड. कुल्ल्यापाशी तो साधारण हाताच्या अंगठ्याएवढा असतो. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणारी मुळं एकत्र येऊन तो तयार होतो आणि बहुतेक वेळा त्रास होतो तो त्या मुळांपाशी, पाठीच्या आत खोलवर. त्यामुळे ‘नस मोकळी करणारं’ तेल पोटरीला कितीही चोळलं, तरी ते तिथवर पोहोचत नाही. चोळल्याने स्नायू सैल होतात, बरं वाटतं. तेवढ्यासाठी खुशाल चोळा.

आता मुद्द्याचं. मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, फुटून बाहेर आली की मज्जातंतूचं मूळ दुखतं, हे १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी नीट मांडलं. तेव्हापासून लोकांच्या डोक्यात एक चित्र बसलंय : दारात बोट सापडावं तशी नस चिमटीत सापडली आहे. हे चित्र खरं मानलं की पुढचं सगळं ओघाने येतं. हललो तर चिमटा घट्ट होईल म्हणून झोपून राहायचं, नाहीतर कुणाकडून तरी गादी ‘बसवून’ घ्यायची. पण खरी गोष्ट अर्धीच दाबाची आहे. डिस्कमधला मऊ गर बाहेर आला, की तिथे सूज आणि दाह होतो, आणि कळ मुख्यतः त्या दाहाची असते. दाह आठवड्या-आठवड्याने ओसरतो. शिवाय बाहेर आलेला तुकडा शरीराच्याच सफाई करणाऱ्या पेशी हळूहळू गिळून टाकतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण पूर्ण सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा विरघळण्याची शक्यता नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा जास्त असते. हे काम शरीर तुम्ही झोपून असलात तरी करतं आणि चालत असलात तरी करतं.

मग झोपून राहिलं तर काय बिघडलं? याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एका गटाला दोन आठवडे अंथरुणावर ठेवलं, दुसऱ्याला जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांनी सुधारणा झालेले पहिल्या गटात ७० टक्के होते, दुसऱ्यात ६५. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक धरण्याजोगा नव्हता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के. म्हणजे अंथरूण धरून हाती काही लागलं नाही. आणि त्याची किंमत मात्र असते. पाठीचे आणि मांडीचे स्नायू भराभर सैल पडतात, बद्धकोष्ठ होतं, झोप बिघडते, मधुमेह्याची साखर चढते. रोजंदारीवरच्या माणसाचं तर घरच थांबतं. या सगळ्याहून वाईट म्हणजे मनात भीती बसते. आठवडाभर कुणी न हलता काढला, की आठव्या दिवशी संडासापर्यंत जायलाही तो घाबरतो.

अगदी पहिले एक-दोन दिवस कळ असह्य असेल तर आडवं व्हा, त्यात काही चूक नाही. पण तेव्हाही दर तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. उठताना सरळ झटक्याने बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा. झोपताना उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर, कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी. फळीवर झोपायची गरज नाही. जुनाट कंबरदुखीत अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी पडते, असं अभ्यासांत दिसलंय. तुमची नेहमीची कापसाची गादी खड्डा पडलेली नसेल तर तीच चांगली.

चालायचं किती? पहिल्या दिवशी पाच मिनिटं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. सपाट जागी, पायात नीट बसणारी चप्पल घालून. एकदम तासभर फिरून रात्री कण्हत बसण्यापेक्षा हे थोडं-थोडं फार चांगलं. चालताना थोडं दुखणारच. अर्ध्या तासात कळ पूर्ववत झाली तर काही इजा झालेली नाही असं समजा, दुसऱ्या दिवशी एक-दोन मिनिटं वाढवा. सगळ्यात जास्त त्रास बहुधा बसण्याने होतो, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका. मागच्या खिशातलं फुगलेलं पाकीट काढून ठेवा. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं थोडे दिवस टाळा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर महिनाभर प्लास्टिकची कमोडची खुर्ची आणा. खड्ड्यांतून स्कूटरवर जाण्यापेक्षा पायी किंवा उभं राहून बसने गेलेलं परवडतं.

व्यायामाबाबत एक सोपी खूण सांगतो, ती लक्षात राहिली तर मोबाइलवरचे पन्नास व्हिडिओ बघावे लागणार नाहीत. कळ कुठे सरकते ते बघा. एखादी हालचाल केल्यावर पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कुल्ल्यात अशी वर-वर कमरेकडे गोळा होत असेल, तर ती हालचाल तुम्हाला मानवते आहे, भले कंबर थोडी जास्त दुखो. कळ उलट खाली पावलाकडे पसरत असेल, तर ती थांबवा. गादी सरकल्याने त्रास होणाऱ्या पुष्कळांना पालथं झोपणं मानवतं : आधी दोन-तीन मिनिटं नुसतं पालथं, मग कोपरांवर छाती उचलून तेवढाच वेळ. साठीपुढच्या ज्या माणसांना उभं राहून किंवा चालून पाय भरून येतो आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, त्यांच्या मणक्यातली वाट अरुंद झालेली असते. त्यांना हा पालथा प्रकार बहुधा त्रास देतो. त्यांनी उताणं झोपून एकेक गुडघा पोटाशी घ्यावा. एकाला लागू पडलेला व्यायाम शेजाऱ्याला सोसत नाही, तो यामुळेच.

बाईला सायटिका झाली की घरातलं चित्र बदलतं. तिला कुणी ‘पडून राहा’ म्हणत नाही आणि म्हटलं तरी ते होत नाही. ‘चालतं राहा’ या माझ्या सल्ल्याचा अर्थ मात्र पाण्याच्या बादल्या, फरशी पुसणं, गॅसची टाकी सरकवणं आणि नातवंडाला कडेवर घेणं असा कुणी काढू नये. ओट्याशी उभं राहून पोळ्या करता येतात. एक पाय पाटावर ठेवला तर जास्त वेळ जमतं. वाकून वजन उचलायची कामं महिनाभर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायची आहेत, आणि हे वाचणाऱ्या पुरुष वाचकांना मी हे मुद्दाम सांगतो आहे.

शेक गरम घ्या किंवा थंड, ज्याने बरं वाटेल तो. पायात बधिरपणा असेल किंवा मधुमेह असेल तर गरम पिशवी पायाला लावू नका, भाजलेलं कळत नाही. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणं आपल्याकडे पूर्वापार चालत आलंय. नुसता पाय लावण्याने काही बिघडत नाही. पाठीवर उभं राहून तुडवणं किंवा झटका देऊन ‘गॅप बसवणं’ याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

गोळ्यांचा उपयोग चालता यावं इतपत कळ कमी करण्यासाठी करायचा. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुकानातून आणून पंधरा-पंधरा दिवस खाऊ नका. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा अल्सरचा त्रास असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. (जाता जाता : आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, आणि गृध्र म्हणजे गिधाड. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन भारतातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नसला, तरी मूत्रपिंडं त्यालाही दोनच आहेत.) ‘नसांची गोळी’ म्हणून प्रिगॅबालिन सर्रास लिहिली जाते. २०१७ साली आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सायटिकाच्या २०९ रुग्णांपैकी निम्म्यांना ती दिली. साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा तिचा जास्त उपयोग झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुम्हाला ती चालू असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा.

एमआरआयची घाई करू नका. अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या शंभर माणसांचे एमआरआय काढले तर साधारण साठ जणांत फुगलेली गादी दिसते, विशीतल्यांतही तीसेक जणांत दिसते. हे २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात आलंय. रिपोर्टमधली ‘बल्ज’ आणि ‘डीजनरेशन’ ही भाषा वाचून माणूस चालायचा बंद होतो, म्हणून धोक्याची लक्षणं नसतील तर मी पहिले सहा आठवडे सहसा तो करायला सांगत नाही. सहा ते आठ आठवडे नीट प्रयत्न करूनही पायातली कळ झोपू देत नसेल, तर एमआरआय, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांचा विचार जरूर करावा. शस्त्रक्रिया वाईट नाही. २००७ सालच्या आणखी एका डच अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची पायाची कळ लवकर गेली. वर्षाअखेरीस मात्र ते आणि थांबून बघणारे, दोन्ही गट सारखेच बरे झालेले होते. थांबणाऱ्यांतल्या ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगायला हवं. म्हणजे बहुतेकांना ठरवायला वेळ असतो.

ज्यांना वेळ नसतो, ते हे. लघवीच्या आणि शौचाच्या जागेभोवती, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा. लघवी अडणं, किंवा भरल्याचं न कळणं, किंवा नकळत होणं. शौचावरचा ताबा जाणं. दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा. यात मज्जातंतूंचा पूर्ण जुडगाच दाबला गेलेला असतो आणि काही तासांचा उशीरही कायमचा भारी पडू शकतो. पाऊल वर उचलता न येणं, टाचांवर चालता न येणं, चालताना चप्पल पायातून निसटणं, हे असेल तर त्याच दिवशी दाखवा. बारीक ताप, वजन घटणं, रात्री पडल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल, बराच काळ स्टेरॉइड चालू असेल, किंवा म्हातारं माणूस पडलं असेल, तर घरचे उपाय न करता आधी तपासणी. आणि लघवी अडली असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका. एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात थेट जा आणि दारातच सांगा : ‘पाय दुखतोय आणि लघवी होत नाहीये.’