दंड कोणाचा, कलंक कोणाला?

थायलंडमधील पट्टाया हे एके काळी मच्छीमारांचे गाव. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन सैनिक तेथे विश्रांतीस येऊ लागले. युद्ध संपले, त्यांच्यासाठी मांडलेला देहाचा बाजार मात्र उठला नाही.

‘त्या स्त्रिया स्वखुशीने येतात,’ असे सुशिक्षितही म्हणतात. खुशी कसली? त्यांतील अनेकजणी ईशान्येकडील इसान या कोरडवाहू प्रदेशातून, घरचे कर्ज आणि मुलांचे पोट यांपायी येतात. १९६० साली तेथे वेश्याव्यवसायावर कायद्याने बंदी आली. १९६६ च्या कायद्याने करमणूकगृहांना परवाने मिळाले. त्या आडोशाला बसून मालक कमावतो. स्त्रीला बारबाहेर नेणारा पुरुष आधी मालकाच्या हाती पैसे ठेवतो. या रकमेचे नाव ‘बार फाईन’, म्हणजे दंड! दंड भरून पुरुष मोकळा होतो, कलंक तिच्या कपाळी राहतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभूपुढे खेचणाऱ्यांनीही तिच्या जोडीदाराला असेच मोकळे सोडले होते.

आज पट्टायाच्या पर्यटकांत भारतीय पुरुषांचे जथेही असतात. परतल्यावर त्यांच्या ‘मौजमजे’ला आपण हसून दाद देतो. ख्रिस्ती कुटुंबांनो, ते हसू आवरा. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना सरळ विचारावे: तुम्ही मोजलेल्या पैशांत कोणाची लेक विकली गेली?